साडूच्या चेनीचा नवस

तळोजा ते नावडे या पट्ट्यात माझ्याएवढा हुशार सायकल मेकॅनिक दुसरा नाय. दुसरा होता, तो रिक्षा चालवायला लागला, म्हणून मी एकटाच उरलो. शाळा सातवीत सुटली. म्हणजे मी नाय सोडली, तिनंच मला सोडलं. त्यामुळे हे बोलतो तसंच सांगतोय, कोणी शुद्ध-अशुद्ध बघू नका. आमच्या गावदेवीचा मला आलेला अनुभव आहे. असे अनुभव सांगणारे लोक बहुतेक आधीच चांगले असतात आणि नंतर अजून चांगले होतात. माझं तसं नाय. मी आधी जळका होतो, आणि आता पण सकाळी उठल्यावर थोडा असतोच. पण जळणाऱ्या माणसाचा सुद्धा देवी हात कसा धरते ते मला सांगायचंय. सांगताना अब्रू जाईल, तर जाऊ दे. तशी ती फार शिल्लक नाय.

मी जळत होतो माझ्या साडूवर. नरेश त्याचं नाव. माझी बायको सुनंदा आणि त्याची बायको सख्ख्या बहिणी, माहेर उरणकडचं. नरेश उरणला कंटेनर यार्डात सुपरवायझर, खारघरला फ्लॅट, पोट आत, दारू नाय, तंबाखू नाय, आणि वर स्वभावानं चांगला. हे शेवटचं सगळ्यात वाईट. माणूस वाईट असला की जळायला सोपं जातं, तो स्वतःच लाकडं आणून देतो. चांगल्या माणसावर जळायचं म्हणजे सगळी मेहनत आपल्यालाच करावी लागते. सासूबाईंचा तर तो जीव. आमच्यात जावई आला की कोंबडा कापतात. तुमी बोलाल, जावई दोन, कोंबड्याला तंगड्या दोन, भांडण कसलं? पण सासूबाई एक तंगडी नरेशला वाढायच्या आणि दुसरी पण नरेशला वाढायच्या. "तो सायकल चालवतंय, अंगाला लागंल." मला मान आणि पंख. मी एकदा बोललो, "आई, सायकल तर मी पण चालवतो." तर बोलल्या, "तू दुरुस्त करतंस."

ते माझ्या डोक्यात बसलं. चालवायला मी काय कमी नव्हतो. बारा वर्षं सकाळी पेपर टाकले होते, ते पण चढावरच्या सोसायट्यांमध्ये. नरेशनं जाड टायरची, डोंगरात चालवायची सायकल घेतली, लाल रंगाची, आणि खारघरच्या डोंगरावर जायला लागला. मग मी पण दुकानात पडलेल्या तीन सायकलींची मिळून एक बनवली आणि त्याच्या मागे जायला लागलो. मागेच. पुढे कधी गेलो नाय. तेवढ्यात पनवेलच्या पलीकडच्या डोंगरात एका क्लबनं तीन दिवसांची शर्यत ठेवली. रोज एक टप्पा, तीन दिवसांचा टाइम एकत्र करायचा, ज्याचा कमी तो पहिला. चाळिशीच्या वरच्यांचा गट वेगळा. वाटेत सायकल बिघडली तर स्वतः दुरुस्त करायची. बाहेरच्या माणसानं हात लावला तर शर्यतीतून बाद. फक्त शर्यतीतला दुसरा भिडू मदत करू शकतो. आमी दोघांनी नाव दिलं. सासूबाईंनी दोघांना सारखे पिवळे टी-शर्ट करून दिले, पाठीवर त्यांच्या गावचं नाव. मला वाटलं, बरं झालं. हरवताना सारख्या कपड्यात हरवीन.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी नरेश दुकानात आला. नवी चेन बसवायची होती. सोबत अजून एक तसलाच डबा आणला होता, माझ्यासाठी. बोलला, "साडूभाऊ, तुझी पण जुनी झालीय, दोन घेतल्या." मला एवढा राग आला! फुकट चेन मिळाली म्हणून राग येणारा मेकॅनिक तुमी पाहिला नसेल. आता या नव्या चेनी पातळ असतात. त्यांच्या डब्यात जोडायला वेगळी नवी पिन येते. चेन मापात तोडताना बाहेर काढलेली जुनी पिन परत ठोकायची नाय, ती ढिली बसते, असं डब्यावर चित्र काढून दाखवलेलं असतं, म्हणजे माझ्यासारख्याला पण कळावं. पण मी जन्मभर काळ्या सायकलींच्या चेनी जुन्याच पिनेनं जोडल्या. मला वाटायचं, नवी पिन म्हणजे कंपनीची नाटकं. दोन्ही सायकलींना जुनीच पिन ठोकली, वरून हातोडीचा एक जास्त टोला दिला आणि बोललो, "आता हत्ती बसला तरी तुटणार नाय." नरेशनं हात जोडले. "तू हात लावलास की मला टेन्शन नाय."

शर्यतीच्या दिवशी पहाटे मी गावदेवीला गेलो. आमचा आजा सांगायचा, देवीला अर्धवट मागायचं नाय. नुसतं 'बरं कर' बोललास तर देवी गोंधळते, गावात कोणाचं पण बरं करते. नाव, गाव, काम, सगळं नीट सांगायचं. मी गेलो होतो माझा पहिला नंबर मागायला. पण नारळ ठेवला आणि तोंडातून वेगळंच आलं. बोललो, "आई, नरेश, राहणार खारघर, लाल सायकल. त्याची चेन तुटू दे. हातपाय मोडू नको, नायतर माझी मेव्हणी दोन पोरं घेऊन माझ्याकडं येईल. फक्त चेन. मी तुला कोंबडा देतो." बाहेर आलो तेव्हा अंग हलकं झालं होतं. इतकं हलकं, की मला वाटलं हाच आशीर्वाद. आता कळतं, पोट साफ झालं तरी तसंच हलकं वाटतं.

पहिल्या दिवशी निम्मा टप्पा झाला, दगडांचा चढ आला, मी उभं राहून जोर मारला आणि खट्ट! चेन तुटली. माझी. मी आभाळाकडं बघितलं. आई, नाव सांगितलं, गाव सांगितलं, रंग सुद्धा सांगितला होता गं! सायकल आडवी करून बसलो. चेन जोडायची एक छोटी कडी मिळते, हातानंच बसते, हत्यार लागत नाय. शहाणी माणसं ती खिशात ठेवतात. माझ्या खिशात शेंगदाण्याची चिक्की होती. एवढ्यात मागून नरेश आला. त्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्या मागे होता, आणि त्यातच मी खुश होतो. तो थांबला. काय झालं विचारलं नाय, स्वतःची कडी काढली, गुडघ्यावर बसून माझी चेन जोडली, हात गवताला पुसले. "चल, जोर मार." त्याच्याकडं ती एकच कडी होती. ती पण त्यानं मला दिली. आणि एवढं करून तो पुढे गेला तो गेलाच, संध्याकाळी चाळिशीच्या गटात पहिला. कोणीतरी फोटो काढला होता, नरेश माझ्या सायकलपुढं गुडघ्यावर. तो घरच्या ग्रुपवर आला. सासूबाईंचा आवाजी मेसेज: "माजा वाघ तो!" फोटोत मी पण होतो. चिक्की खात होतो.

खरं सांगतो, त्यानं मदत केली नसती तर मी त्याला माफ केलं असतं.

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या शाळेच्या मैदानात मी माझी चेन तपासायला घेतली. तुटलेला तुकडा खिशात होता. बघितलं तर चेन तुटलीच नव्हती. पिन सुटली होती. मीच ठोकलेली, जुनी. एका बाजूनं सरकून बाहेर आली होती. आणि दुसरी तसलीच पिन समोर झाडाला टेकलेल्या लाल सायकलीत होती. आज नाय तर उद्या, चढावर जोर मारला की तिथंच सुटणार. मला फक्त एवढंच बोलायचं होतं, "नरेश, पिन बघून घे, माझ्याकडून चूक झाली." चार पावलं लांब तो मोजे वाळत घालत होता. मी उठलो पण. आणि मग माझ्या मनात भक्ती आली. हो, भक्तीच. मला वाटलं, नवस बोललोय. काम देवीकडं दिलंय. आता देवीच्या कामात आपण मध्ये कशाला पडा? तिच्यावर सोडलं म्हणजे सोडलं. मी परत खाली बसलो. आयुष्यात एवढा मोठा भक्त मी कधी झालो नव्हतो.

क्लबच्या तंबूत एक दुकानवाला सामान घेऊन आला होता. तिथून तसलीच एक कडी घेतली, नरेशला परत द्यायची म्हणून. ती पण दिली नाय. खिशातच राहिली. दुसऱ्या दिवशी त्याची सायकल दिवसभर माझ्या डोळ्यापुढं होती. दर चढाला मी तिच्या चेनीकडं बघायचो आणि कान द्यायचो, जसं चोर दुसऱ्याच्या कुत्र्याला कान देतो. काय नाय झालं. मी जोरात चालवली, रागानं पाय चांगले चालतात. तो पहिला, मी दुसरा, दोघांत सहाच मिनिटं. जेवताना तो माझ्या ताटात स्वतःचं अंडं टाकून बोलला, "उद्या तू मला गाठणार बघ." मी अंडं खाल्लं.

तिसऱ्या दिवशी शेवटचा मोठा चढ. वर खिंड, खिंडीच्या पलीकडं उतार आणि मग संपलं. नरेश माझ्या पुढं शंभर पावलांवर. वळणावर उभं राहून त्यानं जोर मारला, आणि मी तो आवाज ऐकला. खट्ट. दोन दिवस कान देऊन बसलो होतो, मला ओळखीचाच होता. चेन सापासारखी खाली लोळली. तो उतरला, खिसे चाचपले, आणि त्याला आठवलं की त्याच्याकडं कडी नाय. कोणाला दिली ते पण आठवलं असेल. मी बाजूनं गेलो. त्यानं वर बघितलं आणि हाक नाय मारली. बोलला, "जा, जा, थांबू नको, तुझा नंबर येतोय." हसून बोलला. मी मान खाली घातली आणि गेलो. माझं काळीज असं उडत होतं की विचारू नका. गावदेवीचा जयजयकार केला, मोठ्यानं. पहिला नंबर, दोन्ही तंगड्या, सगळं दिसायला लागलं. फक्त एक गोष्ट झाली. सायकल जड लागायला लागली. दोनदा उतरून टायर बघितला, हवा गेली का म्हणून. हवा होती.

खिंडीत एक देव आहे. देव म्हणजे शेंदूर लावलेले दोन दगड, आणि त्यांच्यापुढं पानांचा ढीग. डोंगरात जाणाऱ्यानं तिथं एक पान ठेवून पुढं जायचं. आजानं लहानपणी शिकवलेलं, खिंडीतल्या देवाला रिकाम्या हातानं ओलांडायचं नाय. शर्यत असली तरी मी थांबलो. काम झालं होतं, आभार मानायलाच हवे होते. बाजूच्या झाडाची एक हिरवी डहाळी धरली आणि कडकन मोडली.

"हिरवं नको मोडू रे."

बघितलं तर दगडाच्या आड एक बाई बसली होती, लाकडांची मोळी बाजूला टेकवून. डोंगरातलीच असावी. वयानं माझ्या आईएवढी. ती बोलली, "ह्या देवाला मोडलेलं नाय चालत. पडलेलं असतंय ते उचलून ठेवायचं." खाली सगळीकडं सागाची वाळकी पानं पडली होती. मी हातातली डहाळी कुठं लपवू ते बघायला लागलो. तिनं माझ्या टी-शर्टाकडं बघितलं. "खाली वळणावर एक जण बसलाय असलाच पिवळा. मी पायवाटेनं आले, मला पानी दिलं त्यानं बाटलीतलं. तुझा भाऊ का?"

मी बोललो, "भाऊ नाय. साडू."

ती हसली. "मंग भाऊच की. एका घरच्या दोन पोरी तुमच्या घरात." मग माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि बोलली, "त्याची गाडी मोडली तो हसतोय. तुझी चालू हाय, तू का रडतंस?"

मला माहीतच नव्हतं मी रडतोय. मला वाटलं घाम आहे. डोळ्यांना हात लावला आणि तिथंच, पानांच्या ढिगापुढं, मटकन बसलो. इतक्या दिवसांत मला एक माणूस असं विचारणारं भेटलं नव्हतं, आणि मी पण स्वतःला विचारलं नव्हतं. देवीला काय मागितलं, ते त्या दगडापुढं मोठ्यानं बोलून बघायचा प्रयत्न केला. तोंड उघडेना. गावच्या देवळात पहाटे भराभर बोललेलं इथं उजेडात एका अनोळखी बाईपुढं बोलता येईना. तेव्हा कळलं की मी सगळं देवीवर सोडलं नव्हतं. फक्त माझ्या वाट्याचं काम तिच्या नावावर टाकलं होतं. पिन माझी, चूक माझी, तोंड माझं, आणि गप्प बसायला देवीचं नाव. सोडणं वेगळं आणि टाकणं वेगळं. ते मला माहीत नव्हतं. कचरा आणि निर्माल्य दोन्ही आपण टाकतोच ना, पण निर्माल्य टाकताना हात जोडतो.

एक वाळकं पान उचलून ठेवलं, सायकल फिरवली आणि खाली निघालो. खालून चढत येणारा आमच्याच गटातला पेणचा एक गडी ओरडला, "भाऊ, उलटं चाललात!" मी बोललो, "दोन दिवस उलटाच चाललो होतो." हे वाक्य मला तेव्हाच सुचलं याचा मला अजून अभिमान आहे, पण तो एवढा धापा टाकत होता की त्यानं ऐकलंच नाय.

नरेश तसाच बसला होता, चेन मांडीवर घेऊन, मेलेलं जनावर घेतात तशी. कोणी दोघं-तिघं थांबून गेले होते, पण त्यांच्या कड्या वेगळ्या मापाच्या निघाल्या. माझीच बसणार होती, कारण चेन तसलीच, त्यानंच दिलेली. मी खिशातून कडी काढली. तो बघून बोलला, "अरे, तू तर माझी कडी परत आणलीस!" इतक्या साधेपणानं बोलला की मी खाली बघतच कडी लावायला घेतली. बारा हजार वेळा चेन जोडली असेल मी, त्या दिवशी कडी दोनदा हातातून पडली. पिन बघितली. सरकलेली, जशी माझी सरकली होती तशीच. मी ती मातीत दाबली. सांगायला पाहिजे होतं, नाय सांगितलं. फक्त बोललो, "झालं. पुढं हो." मला वाटलं आता तो बोलेल, साडूभाऊ, सोबत जाऊ, तू परत आलास, पहिला नंबर तूच घे. सिनेमात असतं तसं. तो बोलला, "थँक्यू रे!" आणि जो सुटला, तो मला डायरेक्ट जेवणाच्या लाइनीतच दिसला. तीन दिवसांचा टाइम मिळवला तर नरेश पहिला, पेणचा दुसरा, मी तिसरा. आणि खोटं कशाला बोलू, खिंड ओलांडताना मी परत जळलो. देवापुढं बाई नव्हती. मोळी पण नव्हती. ती कोण होती असं मी काय म्हणत नाय. लाकडं घेऊन घरी गेली असेल. ढिगावर माझं वाळकं पान तेवढं होतं, आणि बाजूला ती मोडलेली हिरवी डहाळी.

माझा खरा त्रास पुढं सुरू झाला. नरेशनं ग्रुपवर लिहिलं की साडूभाऊ स्वतःचा पहिला नंबर सोडून माझ्यासाठी खिंडीतून परत आला, असा माणूस होणे नाय. सगळ्यांनी हात जोडलेले टाकले. सासूबाईंचा मेसेज आला, माझ्या नावानं, लग्नाला अठरा वर्षं झाली त्यात पहिला: "जावय, तू मनाचा मोटा निघालास. आता कोंबरा कापला की एक तंगरी तुजी." मी तो मेसेज दुकानात अकरा वेळा ऐकला. बाराव्या वेळी सुनंदा मागे उभी होती. "अवो, देवीला काय बोललावता का? नारळ घेऊन गेला होतात ना पहाटे?" मी बोललो, बोललो होतो कायतरी. "मंग फेडा. आईला आनि नरेशभावजींना पण बोलवते, सगळ्यांच्या तोंडात पडंल."

आता आमच्या गावदेवीचा एक रिवाज आहे. नवस फेडायला कोंबडा आणला की म्हातारा भगत विचारतो, काय मागितलं होतंस? ते सगळ्यांपुढं मोठ्यानं बोलायचं, तरच नवस फिटतो. नाय बोललं तर कोंबडा वाया, आणि नवस डोक्यावर तसाच. मी विसरलो नव्हतो. मला वाटलं होतं, भगताला आता कमी ऐकू येतं, बघू.

देवळापुढं सगळी उभी. सासूबाई नवं लुगडं नेसून, सुनंदा, तिची बहीण, आणि नरेश, तोच पिवळा टी-शर्ट घालून. कोंबडा माझ्या काखेत. भगतानं विचारलं. मी बोललो, "बाबा, मनातल्या मनात बोलतो."

भगत बोलला, "मनातला नवस मनात फिटतंय काय? कोंबरा मनात आनलास?"

सगळे हसले. पळून जावं असं वाटलं, पण कोंबडा घेऊन माणूस पळाला की लांबून पण दिसतो. देवीच्या डोळ्यांकडं बघितलं. चांदीचे डोळे, गावातल्या कोणीतरी वाहिलेले, एक थोडा वाकडा. आणि मला त्या खिंडीतल्या बाईचा प्रश्न आठवला. मी डोळे मिटले आणि बोललो. सगळं बोललो. नाव, राहणार खारघर, लाल सायकल, चेन तुटू दे. मेव्हणी घरी येऊ नये ते पण बोललो, ते गाळलं असतं तरी चाललं असतं. मग जुन्या पिनेचं बोललो. पहिल्या दिवशीच मला कळलं होतं, आणि मी दोन दिवस गप्प बसलो, ते बोललो. कडी परत द्यायची होती आणि खिशात ठेवली, ते बोललो. कोंबडा सुद्धा गप्प झाला होता.

डोळे उघडले तर नरेश माझ्याकडं बघत होता. वाटलं आता हात उचलेल, आणि मी बाजूला पण सरकलो नसतो. तो बोलला, "चेनच का रे? टायर का नाय मागितलास?" मी बोललो, "टायर तुझा चांगला होता." त्याला हसू आलं, पण सगळं नाय, अर्धंच. मग जवळ येऊन माझ्या काखेतला कोंबडा स्वतः धरला. "पुढच्या वेळेला पिन मी उभा राहून बघणार," एवढंच बोलला. तसा तो आता दर वेळी उभा राहतो. स्टूल घेऊन बसतो समोर. मला राग येतो, आणि राग आला की बरं पण वाटतं, की अजून कोणीतरी माझ्यापुढं सायकल घेऊन येतंय.

तेव्हापासून मी देवीकडं कोणाचं नाव घेऊन काय मागत नाय. देवळात जातो, आधी स्वतःला विचारतो, माझं काम झालंय का? पिन नवी टाकली का? सांगायचं ते सांगितलं का? ते झालं असलं की मग उरलेलं तिच्या पायाशी ठेवतो, झाडावरून पडलेल्या पानासारखं. त्या दिवशी नवस फिटला तेव्हा मला पहाटेसारखंच हलकं वाटलं होतं, पण हे वेगळं होतं. पहाटे मी हलका होऊन उडत होतो, आता हलका होऊन जमिनीवर होतो. माझ्यासारख्या माणसाला तिनं एवढं दिलं, ते मी जन्मात फेडू शकत नाय.

हेच मी त्या दिवशी जेवायला बसल्यावर सासूबाईंना बोललो. पंगत बसली होती, मी वाढत होतो. बोललो, "आई, बघा ना, देवीनं माझ्याच हातानं चेन तोडली, आणि माझ्याच हातानं जोडली. काय ही तिची लीला!"

सासूबाईंनी रस्सा भुरकला, पातेल्यात वाकून बघितलं आणि बोलल्या, "देवीनं तोरली नाय नि देवीनं जोरली नाय. तू काम वाकरं केलंस, मंग नीट केलंस. आता दोनी तंगऱ्या नरेशला वाढ."